हिरड्या वाढल्या म्हणून गोळी सोडू नका

दात दुखू लागला की माणूस गप्प बसत नाही. लवंग धरतो, मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करतो, रात्र कशीबशी काढतो आणि सकाळी दवाखान्याची वाट धरतो. हिरडीचे तसे नाही. हिरडी फुगली, दोन दातांच्या मधून वर आली, दात अर्धे झाकले गेले तरी ती फारशी दुखत नाही. म्हणून महिनोन्‌महिने तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. मग एखाद्या दिवशी घरातलेच कोणी म्हणते, ‘‘काय गं, तुझे दात बारीक झाल्यासारखे दिसतात!’’ दात बारीक होत नसतात. हिरडी दातांवर चढलेली असते.

हिरडी अशी वाढण्याची कारणे पुष्कळ आहेत. त्यांतले एक कारण मात्र आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, आणि ते म्हणजे औषध. होय, दुसऱ्याच आजारासाठी, योग्य डॉक्टरने, योग्य म्हणूनच दिलेले औषध. किडनी बदललेल्या रुग्णाला दिले जाणारे सायक्लोस्पोरिन, फिट येणाऱ्याला दिले जाणारे फेनिटॉइन आणि रक्तदाबासाठी मिळणाऱ्या निफेडिपिन, ॲम्लोडिपिन या गोळ्या, ही त्यांतली मुख्य नावे. आजार एकमेकांपासून लांबचे, पण हिरडीवर होणारा परिणाम एकाच जातीचा.

हा विषय आम्ही हाती घेतला तो केवळ दात शोभून दिसावेत म्हणून नव्हे. हिरड्यांची लाज वाटून, किंवा ‘हे औषध बाधले’ असे समजून, रुग्ण आपल्या मनानेच गोळी बंद करतो, याची आम्हाला धास्ती आहे. आमच्या अहेरीच्या मुलखात तर ही धास्ती दुप्पट. भामरागड, एटापल्ली, सिरोंचाकडून अहेरी-आलापल्लीला यायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. अहेरीहून गडचिरोली शंभर किलोमीटरच्या वर, आणि नागपूर त्याहून कितीतरी पुढे. अशा ठिकाणी डॉक्टरला विचारणे अवघड आणि गोळी सोडून देणे सोपे होऊन बसते.

शरीराचे राखणदार

आपल्या रक्तात राखणदार पेशी असतात. बाहेरून जंतू आला की त्या त्याला ओळखतात आणि मारतात. यालाच आपण रोगप्रतिकारशक्ती म्हणतो. ही शक्ती चांगलीच. पण किडनी बदलण्याची वेळ आली की तीच आड येते. आईची किडनी मुलाला बसवली तरी मुलाच्या शरीराला ती आई म्हणून ओळखू येत नाही. राखणदार पेशींना ती परकीच वाटते आणि त्या तिच्यावर तुटून पडतात. म्हणून या पेशींचा जोर कमी ठेवणारी औषधे रुग्णाला बसवलेली किडनी चालते तोवर, म्हणजे बहुधा जन्मभर, घ्यावी लागतात.

आपल्या देशात 1971 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात किडनी बदलण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया झाली. त्या काळी सायक्लोस्पोरिन नव्हते. त्याची कथा मोठी नवलाची आहे. स्वित्झर्लंडमधील सँडोझ या औषध कंपनीने आपल्या माणसांना सांगून ठेवले होते, की सुटीत जिथे जाल तिथली चिमूटभर माती घेऊन या. 1969 साली नॉर्वेच्या एका थंडगार, झाडे नसलेल्या पठारावरून अशीच थोडी माती आली. तीत एक बुरशी सापडली. त्या बुरशीतून निघालेला पदार्थ राखणदार पेशींना आवरतो, हे 1972 साली बाझेल शहरातल्या प्रयोगशाळेत ध्यानात आले. 1978 साली इंग्लंडात केंब्रिजच्या रॉय काल्न या शल्यवैद्याने तो पदार्थ किडनीच्या रुग्णांना दिला, आणि 1983 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्यानंतर बसवलेली किडनी टिकण्याचे प्रमाण पुष्कळच वाढले. मातीत काय काय दडलेले असते पाहा! आपल्या प्राणहितेच्या काठच्या मातीतही अशी एखादी बुरशी कोणाची वाट पाहत असेल.

हे औषध फक्त किडनीसाठीच आहे असे नाही. लहान मुलांच्या लघवीतून प्रथिने जाऊन अंगावर सूज येणाऱ्या आजारात, काही त्वचारोगांत, सांध्यांच्या दुखण्यात, हाडातला मगज रक्त बनवीनासा होतो त्या आजारात, असे ते अनेक ठिकाणी वापरतात. आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी. सिकलसेल हा आजार विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजात आणि गोंड, माडिया बांधवांत बराच आढळतो. सिकलसेलच्या काही रुग्णांत मगज बदलण्याची शस्त्रक्रिया करतात, आणि त्यानंतर काही महिने सायक्लोस्पोरिन द्यावे लागू शकते. सिकलसेलच्या नेहमीच्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीने मात्र हिरड्या अशा वाढत नाहीत. उगाच घाबरून ती गोळी सोडू नये.

हिरडी वाढते कशी?

हिरडीत बारीक तंतूंचे विणकाम सतत चालू असते. नवे धागे विणले जातात, जुने उसवून टाकले जातात. विणणे आणि उसवणे सारखे राहिले की हिरडी आहे तेवढीच राहते. वर सांगितलेली औषधे हिरडीतल्या पेशींमध्ये होणारी कॅल्शियमची ये-जा आणि तिच्यावर चालणारी कामे बदलतात. त्यामुळे उसवण्याचे काम मंदावते, विणण्याचे चालूच राहते, आणि धाग्यांवर धागे साचून हिरडी जाड होते. शास्त्रज्ञांनी याचा सगळा उलगडा अजून केलेला नाही, पण मुख्य गोष्ट ही अशी आहे.

सायक्लोस्पोरिन घेणाऱ्या प्रौढ रुग्णांपैकी सुमारे शंभरातल्या पंचवीस ते तिसांच्या हिरड्या डोळ्यांना दिसण्याइतक्या वाढतात. मुलांमध्ये हे प्रमाण आणखी जास्त असते. म्हणजे एकाच औषधावर असलेल्या दोघांपैकी एकाला त्रास होईल, दुसऱ्याला होणार नाही. हा फरक थोडा रक्तातून, आईबापांकडून आलेला असतो. थोडा औषधाच्या मात्रेवर असतो. आणि बराचसा दातांवरच्या घाणीवर असतो. दातांवर रोज जो चिकट थर बसतो, त्यात जंतू असतात. तो काढला नाही तर त्याचे कठीण कीटण बनते. कीटणाने हिरडी आधीच लाल, सुजलेली असली की औषधाचा परिणाम तिथे जोराने होतो. औषध आपल्या हातात नाही, रक्त आपल्या हातात नाही. ब्रश मात्र आपल्या हातात आहे.

वाढ बहुधा औषध सुरू झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांतच सुरू होते. आधी समोरच्या दोन दातांच्या मधला हिरडीचा कोपरा फुगतो. मग शेजारचे कोपरे फुगतात, एकमेकांना मिळतात, आणि हिरडी दातावर चढू लागते. फेनिटॉइनची हिरडी गुलाबी आणि टणक असते. सायक्लोस्पोरिनची थोडी मऊ, लालसर, ब्रश लागताच रक्त येणारी असते. जिथे दातच नाहीत तिथे सहसा वाढ होत नाही. हा कॅन्सर नव्हे. आम्ही हे ठळकपणे सांगतो, कारण तोंडात मांस वाढले म्हटले की घरात पहिला शब्द तोच निघतो.

किडनीच्या रुग्णाचा रक्तदाब पुष्कळदा वाढलेला असतो. त्यासाठी निफेडिपिन किंवा ॲम्लोडिपिन देतात. सायक्लोस्पोरिनच्या जोडीला यांतली गोळी आली की हिरड्या वाढण्याचा संभव वाढतो. एकट्या ॲम्लोडिपिनने असे क्वचितच होते, शंभरात दोन-तिघांना. परंतु आज प्राथमिक आरोग्य केंद्रांतून ही गोळी घेणारी माणसे इतकी आहेत, की शंभरातले दोन म्हणजेही थोडे नव्हेत. आपल्या आजीची किंवा बाबांची रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यावर हिरड्या फुगल्या असतील, तर पुढच्या खेपेला त्या चिठ्ठीसह डॉक्टरला दाखवाव्यात. रक्तदाबाच्या दुसऱ्या गोळ्या पुष्कळ आहेत. बदल करणे इथे सर्वांत सोपे.

फिटची गोळी आणि मुलीचे लग्न

किडनी बदललेले रुग्ण आपल्या भागात मोजकेच. फिट येणारे मात्र गावोगाव आहेत. फेनिटॉइन हे औषध 1938 साली अमेरिकेत मेरिट आणि पुटनम या दोन डॉक्टरांनी फिटवर वापरात आणले, आणि पुढच्याच वर्षी त्याने हिरड्या वाढतात अशी नोंद झाली. आपल्याकडे ते एप्टॉइन या नावाने पुष्कळांना परिचित आहे. स्वस्त आहे, गुणकारी आहे, सहज मिळते. ते दीर्घकाळ घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हिरड्या कमीअधिक वाढतात.

आता विचार करा. घरात एक वयात आलेली मुलगी आहे. गोळीमुळे तिला दोन-तीन वर्षांत एकही फिट आलेली नाही. पण तिच्या हिरड्या वाढल्या आहेत, हसताना ती तोंडावर ओढणी धरते. पाहुणे बघायला यायचे आहेत. कोणीतरी सल्ला देते, ‘‘महिनाभर गोळी बंद ठेव, हिरड्या बसतील, आणि फिट तर आता येतच नाही.’’ या सल्ल्यासारखा घातक सल्ला दुसरा नाही. फिट येत नाही ती गोळीमुळेच. गोळी एकाएकी तोडली तर एकामागून एक, न थांबणाऱ्या फिट येऊ शकतात आणि त्यांत जीवही जातो. विहिरीवर, चुलीपाशी, नदीच्या काठावर फिट आली तर काय होते ते आम्ही सांगायला नको. आणि महिनाभरात हिरड्या पूर्ववत होतील याचीही खात्री नाही. त्यांना ओसरायला कित्येक महिने लागतात.

फिटवर दुसरी औषधे आहेत. लेव्हेटिरासिटाम, व्हॅल्प्रोएट यांनी हिरड्या वाढणे अगदी विरळा. पण एकातून दुसऱ्यात जाताना डॉक्टर दोन्ही काही काळ बरोबर देतात आणि जुने हळूहळू कमी करतात. व्हॅल्प्रोएटने गर्भाला अपाय होऊ शकतो, म्हणून लग्नाच्या वयाच्या मुलीला ते देताना डॉक्टर फार विचार करतात. तेव्हा शेजारणीच्या मुलाची गोळी आपल्या मुलीला चालेल असे समजू नये.

लग्नाची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतो. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू होतो. त्यात पूर्वी फिटचा आजार हे लग्न रद्द करण्याचे एक कारण धरले जाई. 1999 साली कायद्यात दुरुस्ती होऊन ते काढून टाकले गेले. फिट येते म्हणून मुलगी लग्नाला अपात्र, असे आज कायदाही म्हणत नाही. आजार लपवून, औषध तोडून लग्न उरकण्यापेक्षा समोरच्या घराला सरळ सांगणे केव्हाही चांगले. सासरी गोळी उघडपणे घेता आली तर ती चुकत नाही.

मग करावे काय?

पहिली गोष्ट, गोळी चालू ठेवायची. किडनीच्या रुग्णाने सायक्लोस्पोरिन थोडे दिवस जरी सोडले तरी राखणदार पेशी जाग्या होतात आणि बसवलेली किडनी नाकारली जाऊ शकते. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत. आई देते, पत्नी देते, बहीण देते. तिने एकदा दिले, दुसऱ्यांदा देण्यासारखे तिच्याजवळ काही उरत नाही.

दुसरी गोष्ट, ज्या डॉक्टरने औषध दिले त्याला हिरड्या दाखवायच्या. ‘किडनीच्या डॉक्टरला दाताचे काय सांगायचे’ असा संकोच नको. त्याच्याकडे मार्ग आहेत. रक्तातले औषधाचे प्रमाण जास्त निघाले तर मात्रा कमी करता येते. या तपासणीचे रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचे असते. सांगितले नसेल तर विचारून घ्यावे. टॅक्रोलिमस नावाचे दुसरे औषध आहे. तेही मातीतूनच आले, 1984 साली जपानमध्ये त्सुकुबा येथील मातीतून. त्याने हिरड्या सहसा वाढत नाहीत, आणि आज किडनी बदललेल्या बहुतेक नव्या रुग्णांना तेच देतात. जुन्या रुग्णांना सायक्लोस्पोरिनवरून त्यावर नेता येते. मग कित्येकांच्या हिरड्या काही महिन्यांत आपोआप ओसरतात. परंतु टॅक्रोलिमसने मधुमेह होण्याचा संभव अधिक असतो, म्हणून बदल करायचा की नाही हे डॉक्टरच ठरवतो.

तिसरी गोष्ट घरची. मऊ ब्रशने दिवसातून दोनदा, हिरडी आणि दात जिथे मिळतात तिथे, हलक्या हाताने घासायचे. रक्त आले म्हणून घासणे सोडायचे नाही. घाण राहिली तर रक्त वाढेल. कडुलिंबाच्या किंवा बाभळीच्या काडीने दात घासण्याची आपली जुनी सवय वाईट नाही, पण फुगलेल्या हिरडीला काडी टोचते. तिथे ब्रशच बरा. राख, विटकर, मिठाची भुकटी आणि तंबाखूची मशेरी बंद. डॉक्टरने क्लोरहेक्झिडीनचे औषधी पाणी दिले तर सांगितले तितकेच दिवस गुळण्या कराव्यात. जास्त दिवस वापरल्यास दात तपकिरी पडतात.

खर्ऱ्याबद्दल स्वतंत्र लिहावे लागेल, पण इथे दोन शब्द. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत लहान पोरांच्याही गालात असतो. राखणदार पेशी दाबून ठेवणारे औषध घेणाऱ्याला कॅन्सरचा धोका आधीच थोडा जास्त असतो. त्यात खर्रा म्हणजे आगीत तेल. तोंड पूर्वीइतके उघडत नाही, गालात पांढरा चट्टा आहे, दोन आठवड्यांत न भरणारी जखम आहे, हे औषधाने वाढलेल्या हिरडीचे लक्षण नव्हे. ते निराळे आणि तातडीचे आहे. तसेच एखाद्या लेकराच्या हिरड्या कुठलेही औषध चालू नसताना चार-आठ दिवसांत भसकन सुजल्या, त्यातून रक्त येऊ लागले, सोबत ताप आणि अंगावर काळेनिळे डाग असतील तर रक्ताची तपासणी त्याच दिवशी करावी. रक्ताच्या कॅन्सरची सुरुवात कधी कधी अशी होते. गरोदरपणातही हिरड्या फुगतात, त्या बाळंतपणानंतर बहुधा बसतात.

दातदुखीची गोळी पानठेल्यावर किंवा किराणा दुकानात घ्यायची नाही. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या किडनीला मारक आहेत, आणि बसवलेल्या किडनीला तर फारच. काही अँटिबायोटिक गोळ्यांनी, उदाहरणार्थ एरिथ्रोमायसिनने, रक्तातले सायक्लोस्पोरिन वाढते. उलट क्षयरोगाच्या उपचारातले रिफाम्पिसिन आणि फिटचे फेनिटॉइन यांनी ते घटते. पपनसाचे फळही या औषधाचे प्रमाण बिघडवू शकते. जंगलातल्या जडीबुटीबद्दल आमचा अनादर नाही, पण गुळवेलीसारखी जी मुळी ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ म्हणून दिली जाते, ती प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेल्या रुग्णाने घेणे म्हणजे एका हाताने बांधायचे आणि दुसऱ्या हाताने सोडायचे.

दातांच्या डॉक्टरकडे

अहेरीला उपजिल्हा रुग्णालय आहे. तिथे दातांचे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात हे आधी विचारून मगच गाव सोडावे, म्हणजे मजुरी फुकट जाणार नाही. कीटण काढणे हे साधे काम आहे. औषधाने वाढलेल्या हिरडीत निम्मी सूज बहुधा कीटणाचीच असते, आणि ते निघाले की हिरडी खाली बसू लागते. जाताना सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. ‘मी किडनीचा रुग्ण आहे’ किंवा ‘मला फिट येते’ हे खुर्चीवर बसण्याआधी सांगावे. राखणदार पेशी दबलेल्या असल्यामुळे जंतूंचा संसर्ग लवकर होतो. कीटण काढण्याआधी काही औषध द्यायचे का, हे दोन्ही डॉक्टर बोलून ठरवतील.

एवढ्यानेही हिरडी बसली नाही, चावताना दाताखाली येऊ लागली, बोलताना अडू लागली, तर वाढलेला भाग कापून काढतात. जागा बधिर करून हे काम होते. काही ठिकाणी लेसरने करतात. जखम थोड्या दिवसांत भरते. औषध तेच चालू राहिले आणि दात अस्वच्छ राहिले तर हिरडी पुन्हा वाढते, हे रुग्णाला आधीच सांगितलेले बरे. नाही तर तो म्हणतो, डॉक्टरने फसवले.

मोठ्या कामासाठी नागपूरला 1968 साली स्थापन झालेले शासकीय दंत महाविद्यालय आहे. ते मेडिकलच्याच आवारात आहे, आणि जिथे किडनी बदलण्याच्या शस्त्रक्रिया होतात ते शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयही मेडिकलशीच जोडलेले आहे. किडनी बदलण्याचा समावेश महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आहे. त्यासाठी शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर ठेवावे आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावे. किडनीच्या तपासणीसाठी नागपूरची फेरी ठरलेलीच असेल, तर त्याच फेरीत दातांचेही दाखवून घ्यावे. आलापल्लीहून निघताना किडनीची फाइल, गोळ्यांची पाकिटे आणि एक मऊ ब्रश, एवढे पिशवीत असू द्यावे. मुक्कामाच्या रात्रीही दात घासायचेच आहेत.